पिल्लू आहे हे कळलं, पण कुणाचं?

आमच्या तालमीच्या जुन्या पोरांच्या ग्रुपवर एक मेसेज आला. दोन दिवसांत तोच शाळेच्या ग्रुपवर, मग पाहुण्यांच्या ग्रुपवर. प्रत्येक ठिकाणी खाली अंगठे आणि ‘एकदम बरोबर’. मजकूर थोडक्यात असा:

‘टी-रेक्स आणि तो छोटा टी-रेक्स हे एकच आहेत. एकाच खडकात, एकाच काळात सापडले, दिसायला डिट्टो. लहान ते पिल्लू, मोठं ते मोठं. २०२० मध्ये हाडं कापून शास्त्रज्ञांनीच हे सिद्ध केलं आणि २०२५ मध्ये तेच शास्त्रज्ञ पलटले. साडेसहा कोटी वर्षांच्या दगडावरून वय सांगणं म्हणजे पोपटाची चिठ्ठी. डीएनए नाही, मग प्रजाती ठरवली कशी? नवं नाव दिलं की पेपरात फोटो येतो, एवढाच उद्देश. आपल्याकडंही इंग्रजांनी एकाच प्राण्याला डझनभर नावं देऊन ठेवली. विज्ञान म्हणजे यांची मर्जी. पटलं तर पुढे पाठवा.’

मी कोल्हापुरात जनावरांचा डॉक्टर आहे. डायनोसॉर वाचतो ते आवडीनं. पण दात, शिंग आणि हाड बघून जनावराचं वय सांगणं हे माझं रोजचं काम आहे. मेसेज पाठवणाऱ्यांत माझा एक जवळचा मित्र होता. त्यानं खाली लिहिलं, ‘डॉक्टर, तू सांग, मेलेल्या हाडावरून वय कळतं होय?’ कळतं. आणि या सगळ्या भांडणाची किल्ली तिथंच आहे, म्हणून हे सविस्तर लिहितो.

आधी प्रकरण काय ते. १९४२ साली अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात एका मांसाहारी डायनोसॉरची कवटी सापडली. लांबी जेमतेम ५७ सेंटिमीटर. मोठ्या टी-रेक्सची कवटी सव्वा मीटरच्या पुढंच असते. १९४६ मध्ये चार्ल्स गिल्मोरनं ही छोटी कवटी गॉर्गोसॉरस नावाच्या दुसऱ्याच प्राण्याच्या खात्यात टाकली. १९८८ मध्ये रॉबर्ट बाकर, मायकल विल्यम्स आणि फिलिप करी या तिघांनी तिला स्वतंत्र नाव दिलं, नॅनोटायरॅनस. १९९९ मध्ये थॉमस कार यानं हाडांचा पोत तपासून सांगितलं, हे टी-रेक्सचं पोर आहे. २००१ मध्ये मोंटानातच ‘जेन’ या नावानं ओळखला जाणारा, बराच पूर्ण असलेला सांगाडा मिळाला आणि वाद आणखी पेटला. बरीच वर्षं पिल्लूवाल्यांचं पारडं जड होतं. मेसेज लिहिणारा तिथंच थांबला आहे.

आता पहिला मुद्दा, ‘दिसायला डिट्टो म्हणजे एकच’.

मटणाच्या दुकानात सोललेलं जनावर टांगलेलं असतं, तेव्हा बोकड की मेंढी हे ओळखायला जाणतं गिऱ्हाईक शेपटीकडं बघतं. का? कारण कातडं उतरल्यावर दोघांत फरक करायला फारसं काही उरत नाही. हाडांचं तर त्याहून अवघड. जुन्या वस्तीच्या उत्खननात हाडं निघतात तेव्हा शेळीचं की मेंढीचं हे कित्येक हाडांबाबत ठरत नाही आणि ती ‘शेळी किंवा मेंढी’ अशा एकाच रकान्यात जातात. पण शेळीची गुणसूत्रं ६० आणि मेंढीची ५४. दोन सरळ वेगळ्या प्रजाती.

याच्या उलटंही दाखवतो. गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर पंढरपुरी म्हैस बघा. शिंगं तलवारीसारखी लांब, पाठीवर खांद्यापलीकडं गेलेली. दिवाळीच्या पाडव्याला म्हशी सजवून आणतात, तेव्हा त्या रंगवलेल्या शिंगांचा थाट सगळं कोल्हापूर बघतं. तिच्या शेजारी मुऱ्हा उभी करा. शिंग जिलेबीसारखं आवळलेलं, कवटीची ठेवण वेगळी, अंगापिंडानं भारी. उद्या या दोघींच्या नुसत्या कवट्या जमिनीतून निघाल्या तर कुणीही शपथेवर सांगेल की हे दोन वेगळे प्राणी. प्रत्यक्षात दोघी एकाच प्रजातीच्या म्हशी. आमच्या धंद्यात ‘जात’ म्हणजे हेच, मुऱ्हा, पंढरपुरी, जाफराबादी. म्हणून या लेखात मी जात न म्हणता प्रजाती म्हणतो. मेसेजमध्ये दोन्ही शब्दांची सरमिसळ नसली तरी खालच्या प्रतिक्रियांत ती झाली आहे.

म्हणजे सारखेपणा दोन्ही बाजूंनी फसवतो. सारखं दिसणारं वेगळं निघतं, वेगळं दिसणारं एक निघतं. ‘डिट्टो’ एवढ्यावर काहीच ठरत नाही.

‘एकाच खडकात सापडले’ याचंही तसंच. दाजीपूरच्या जंगलात बिबट्याही राहतो आणि रानमांजरही. एकाच ओढ्याच्या गाळात दोघांची हाडं पडू शकतात. लाखो वर्षांनी खोदणाऱ्यानं रानमांजराच्या सांगाड्याला बिबट्याचा बछडा म्हटलं तर ‘एकाच खडकात होते ना’ हे त्याचं म्हणणं आपण ऐकून घेऊ का? लहान शिकारी आणि मोठा शिकारी एका रानात राहणं हे जगात सगळीकडं घडतं. एक ससा धरतो, एक सांबर.

मग बघायचं काय? जे वाढीबरोबर बदलत नाही ते.

गाईच्या मानेत सात मणके, पाठीत तेरा, कमरेत सहा. जन्मलेल्या वासरातही तेवढेच. वासरू मोठं होतं तसा मणका मोठा होतो, मणक्यांची संख्या वाढत नाही. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये लिंडसे झॅनो आणि जेम्स नापोली या दोघांनी ‘नेचर’मध्ये जो अभ्यास छापला, त्यात पहिल्यांदा शेपटीसकट जवळजवळ पूर्ण सांगाडा हातात होता. या छोट्या प्राण्याच्या शेपटीत टी-रेक्सपेक्षा मणके कमी आहेत. कवटीतल्या मज्जातंतूंच्या वाटा आणि हवेच्या पोकळ्यांची मांडणीही वेगळी आहे. या वाटा फार लवकर, पिल्लू अंड्यात असतानाच आखल्या जातात.

दातांचं बघा. टी-रेक्सच्या वरच्या जबड्याच्या मुख्य हाडात एका बाजूला ११ किंवा १२ दात. छोट्या प्राण्यात १५-१६. पिल्लूवाल्यांचं म्हणणं होतं की वय वाढेल तसे दात कमी होत गेले. माणसाचे, गाईचे दुधाचे दात पडतात हे आपण बघतो, त्यामुळं हे म्हणणं पटकन पटतं. पण सरपटणाऱ्या प्राण्यांत दात आयुष्यभर पडतात आणि त्याच जागी नवे येतात. कृष्णेतली मगर हातभर असताना तिच्या जबड्यात दातांच्या जितक्या जागा असतात, तितक्याच ती तीन मीटरची झाली तरी असतात. टी-रेक्सचा सगळ्यांत जवळचा नातेवाईक म्हणजे मंगोलियातला टार्बोसॉरस. त्याचं दोन-तीन वर्षांचं पिल्लू मिळालं, २०११ मध्ये त्याचं वर्णन छापलं गेलं. त्याच्या दातांच्या जागा मोठ्या टार्बोसॉरसइतक्याच आहेत. भावकीत जे होत नाही ते टी-रेक्सच्याच घरात होत होतं, असं म्हणायला स्वतंत्र पुरावा लागतो. तो कुणी दाखवला नाही.

आणि हात. टी-रेक्सचे तोकडे हात शाळकरी पोरालाही माहीत आहेत. हा छोटा प्राणी अंदाजे सातशे किलोचा, टी-रेक्स सहा-आठ टनांचा. तरीही छोट्याचा पंजा टी-रेक्सच्या पंज्यापेक्षा मोठा आहे. प्रमाणात मोठा असं म्हणत नाही, टेप लावून मोजला तरी मोठा. पोराचा पंजा बापाच्या पंज्याहून मोठा आणि मग वयात येताना तो आखडला, असं कुठल्याही जनावरात मी पाहिलेलं नाही. या एका मुद्द्यावर माझं स्वतःचं मत बदललं. तोवर मीही पिल्लूवाल्यांच्याच बाजूचा होतो.

आता वयाचा मुद्दा. मेसेजमधला सगळ्यांत चुकीचा भाग हा आहे, आणि माझ्या मित्राचा प्रश्नही हाच होता.

बैलगाडा शर्यतीचं मैदान ज्यानं बघितलंय त्याला आदत, दुसा, चौसा हे शब्द शिकवावे लागत नाहीत. दुधाचे दात असतील तर आदत, पुढचे दोन पक्के आले की दुसा, चार आले की चौसा, सगळे आले की जुळला. शर्यतीचे गट यावर पडतात. बैलाच्या जन्माचा दाखला कुणी मागत नाही, तोंड उघडून दात बघतात आणि सगळं मैदान तो निकाल मान्य करतं. म्हणजे शरीरावर वय लिहिलेलं असतं, हे इथं कुणाला नवीन नाही. ते फक्त दातावरच लिहिलेलं असतं असं नाही, एवढंच पुढं सांगायचं आहे.

पण एका खुणेवर विसंबून राहिलं तर माणूस फसतो, हेही बाजार शिकवतो. काही वर्षांपूर्वी एका शेतकऱ्यानं म्हैस घेतली आणि मला दाखवायला बोलावलं. ‘दुसऱ्या वेताची हाय म्हणून घेतली डॉक्टर, शिंगं बघा किती गुळगुळीत.’ शिंगावर वळी नव्हती, कारण ती कानशीनं घासून काढली होती. दात बघितले तर झिजून खुंट झालेले. म्हैस चांगली म्हातारी होती. त्या माणसाचे कर्ज काढून आणलेले पैसे गेले. तेव्हापासून मी जनावर बघताना शिंग, दात, डोळ्यावरचे खळगे, सांधे, सगळं एकत्र बघतो. एक खूण खोटी निघू शकते, पाच खुणा एकदम एकच खोटं बोलत नाहीत.

हाडात वय कसं राहतं ते सांगतो. दुष्काळाचे किंवा थंडीचे महिने आले, चारा आटला, की जनावराची वाढ मंदावते. त्या काळात हाडाच्या आत एक बारीक रेष उमटते. पुढं चांगले दिवस आले की रेषेबाहेर पुन्हा जाड थर चढतो. दरवर्षी एक रेष, झाडाच्या बुंध्यातल्या वर्तुळांसारखी. मगरी-घोरपडींसारख्या प्राण्यांत हे फार पूर्वीपासून माहीत होतं. गाय-हरणांसारख्या रवंथ करणाऱ्या, गरम रक्ताच्या प्राण्यांत अशा रेषा नसतात असं मानलं जाई. २०१२ मध्ये ‘नेचर’मधल्याच एका अभ्यासानं दाखवलं की त्यांच्यातही असतात. म्हणजे आपल्या रानातल्या गव्याच्या मांडीच्या हाडातही ही वही भरलेली आहे. हाडाचा दगड होताना बारीक रचना बहुतेक वेळा जशीच्या तशी टिकते. हाडाची कागदाइतकी पातळ चकती कापायची, काचेवर घासून पारदर्शक करायची, सूक्ष्मदर्शकाखाली धरायची आणि रेषा मोजायच्या. यात पोपट कुठं आला?

याहून महत्त्वाची गोष्ट हाडाच्या कडेला असते. वाढ चालू असेल तर रेषांमधलं अंतर मोठं, मधला भाग रक्तवाहिन्यांच्या नळ्यांनी भरलेला. वाढ थांबत आली की रेषा एकमेकींना चिकटायला लागतात, कडेला दाट पट्टा तयार होतो. पट्टा दिसला की समजायचं, जनावर जुळलं. टी-रेक्स ऐन उमेदीत दिवसाला सुमारे दोन किलो वजन वाढवत होता, हे २००४ मधल्या अशाच अभ्यासातून कळलं. इथं रेडकू दिवसाला अर्धा किलो वाढलं तरी मालक खूश असतो. इतक्या वेगानं वाढणाऱ्या हाडाची कड आणि थांबलेल्या हाडाची कड यांत गफलत होणं कठीण.

२०२० मध्ये होली वुडवर्ड आणि सहकाऱ्यांनी हेच केलं. ‘जेन’ आणि ‘पीटी’ या दोन छोट्या सांगाड्यांच्या पायाची हाडं कापली. जेन किमान १३ वर्षांची, पीटी किमान १५ वर्षांची, आणि दोघींची वाढ चालू होती. मेसेज म्हणतो, ‘यानं सिद्ध झालं की ते टी-रेक्सचं पिल्लू आहे.’

इथं थोडं थांबा, कारण सगळी गडबड या एका वाक्यात झाली आहे. हाडानं काय सांगितलं? वाढ चालू आहे, म्हणजे पोर आहे. कुणाचं पोर, हे हाडाच्या त्या चकतीनं सांगितलंच नाही. गोठ्यात आदत खोंड उभं आहे. दात बघून मी सांगितलं, आदत आहे. यावरून ते खिल्लारच आहे हे ठरलं का? आदत आहे हे एक उत्तर, कुणाचं आदत हा दुसरा प्रश्न. वुडवर्ड यांचं पहिलं उत्तर आजही खरं आहे. जेन पूर्ण वाढलेली नव्हती हे झॅनो आणि नापोलीही मान्य करतात. फक्त ते म्हणतात, ती पोर नॅनोटायरॅनसची होती. आणि इतर नमुन्यांपेक्षा ती वेगळी वाटली म्हणून त्यांनी तिला त्याच वंशातली दुसरी प्रजाती मानलं. (हा शेवटचा भाग मला अजून पक्का वाटत नाही. एका अर्धवट वाढलेल्या सांगाड्यावर वेगळी प्रजाती उभी करताना मी तरी आणखी एखादा नमुना मिळेपर्यंत थांबलो असतो.)

मग कोडं सोडवायला काय हवं होतं? छोटा, पण जुळलेला. असा एक जरी सांगाडा मिळाला तर ‘सगळे छोटे म्हणजे टी-रेक्सची पोरं’ हे म्हणणं कोसळतं.

तो सांगाडा २००६ मध्येच सापडला होता. मोंटानातल्या एका कुरणावर ट्रायसेराटॉप्स या तीन शिंगांच्या डायनोसॉरजवळच गाडलेला एक छोटा शिकारी. लोकांनी त्या जोडीला ‘झुंजणारे डायनोसॉर’ असं नाव दिलं. पण तो खाजगी मालकीचा होता. २०१३ मध्ये लिलावात काढला, अपेक्षित भाव आला नाही. मग जमिनीच्या मालकी हक्कावरून कोर्टकचेरी. जीवाश्म हे खनिज मानायचं की नाही, यावर वरिष्ठ न्यायालयापर्यंत वाद गेला. २०२० मध्ये निकाल लागला आणि नॉर्थ कॅरोलायनाच्या निसर्गविज्ञान संग्रहालयाला सांगाडा मिळाला. चौदा वर्षं उत्तर खोक्यात बंद होतं आणि बाहेर दोन्ही बाजू अर्ध्या माहितीवर भांडत होत्या.

झॅनो आणि नापोलीनं त्याच्या हाडातल्या रेषा मोजल्या. सुमारे वीस वर्षांचा, वाढ थांबत आलेली. मणक्यांचे सांधे जुळून आलेले. वजन तरी सातशे किलोच्या आसपास. चौसासुद्धा नाही, पुरता जुळलेला, आणि टी-रेक्सच्या दहाव्या हिश्श्याएवढा.

मूळच्या, १९४२ च्या कवटीचं काय? तिच्यासोबत पायाचं हाड नव्हतं, म्हणून रेषा मोजायला जागा नव्हती. इथं ख्रिस्तोफर ग्रिफिन आणि सहकाऱ्यांनी जे केलं ते मला सगळ्यांत देखणं काम वाटतं. कवटीसोबत घशातलं, जिभेच्या मुळाशी असणारं एक बारीक हाड शिल्लक होतं. त्या हाडात वय नीट नोंदलं जातं का, हे त्यांनी आधी आजच्या मगरींच्या कुळात, शहामृगात आणि इतर डायनोसॉरमध्ये तपासलं. जातं, अशी खात्री झाल्यावरच, अमेरिकेतल्या क्लीव्हलंडच्या संग्रहालयात ठेवलेल्या या कवटीतलं हाड कापलं. तेही वाढ पूर्ण होत आलेल्या प्राण्याचं निघालं. डिसेंबर २०२५ मध्ये ‘सायन्स’मध्ये ते छापून आलं. दोन वेगळे गट, दोन वेगळे सांगाडे, दोन वेगळी हाडं, उत्तर एकच. मी म्हशीत शिंग आणि दात दोन्ही बघतो, ते याचसाठी.

‘तेच शास्त्रज्ञ पलटले’ हे अर्धंच खरं आहे. २०२० चा अभ्यास वुडवर्ड आणि सहकाऱ्यांचा, आणि त्या सहकाऱ्यांत झॅनोही होत्या. त्यांचं मत बदललं ते जवळजवळ पूर्ण सांगाडा हातात आल्यावर. नापोली आणि ग्रिफिन मात्र २०२० च्या अभ्यासात नव्हते.

‘नवं नाव, पेपरात फोटो’ या आरोपाला उत्तर द्यायला एकच घटना पुरे. २०२२ मध्ये ग्रेगरी पॉल आणि दोन सहकाऱ्यांनी खुद्द टी-रेक्सचे तीन भाग करायला घेतले: रेक्स, इम्पेराटर, रेजिना. राजा, सम्राट, राणी. मांडीचं हाड किती जाड आणि खालच्या जबड्यातले पुढचे दात किती, यावर ही विभागणी होती. प्रसिद्धी भरपूर मिळाली. काही महिन्यांत सात जणांनी मिळून उत्तर लिहिलं की हे टिकत नाही. आजच्या ११२ प्रजातींच्या पक्ष्यांशी ताडून त्यांनी दाखवलं की एकाच प्रजातीत एवढा फरक सहज असतो. तालमीत मांडी जाड असलेला आणि सडपातळ असे दोन पैलवान असले म्हणून दोन प्रजाती होत नाहीत. त्या सात जणांत पिल्लूवाला थॉमस कार होता आणि नापोली अन् झॅनोही होते. जे दोघे २०२२ मध्ये ‘नवी नावं देऊ नका’ म्हणाले, तेच २०२५ मध्ये ‘हे नाव खरं आहे’ म्हणाले. फोटोची हौस असती तर २०२२ मध्येच टाळ्या वाजवल्या असत्या.

नाव परत घेणंही या क्षेत्रात अगदी सुरुवातीपासून आहे. हेन्री ऑसबॉर्ननं १९०५ मध्ये टायरॅनोसॉरस रेक्स हे नाव दिलं, त्याच लेखात दुसऱ्या सांगाड्याला डायनॅमोसॉरस इम्पेरिओसस म्हटलं. पुढच्याच वर्षी त्यानं स्वतः कबूल केलं की दोन्ही एकच.

डीएनएचं थोडक्यात सांगतो. आजवर वाचता आलेला सगळ्यांत जुना डीएनए ग्रीनलंडच्या मातीतला, सुमारे वीस लाख वर्षांपूर्वीचा. डायनोसॉरचा मिळालेला नाही. पण प्रजाती ओळखण्याचं काम डीएनएच्या आधीपासून हाडं, दात, पिसं, कातडं यांवरच चाललं आहे, आणि आपल्या ओळखीच्या बहुतेक प्राण्यांची नावं त्या काळातली आहेत. शेळी-मेंढीचं उदाहरण मीच दिलं, त्यामुळं हाडांवरून काही प्रजाती एकत्र मोजल्या जात असतील हे मी नाकारत नाही. त्या चुकीची दिशा मात्र बघा. हाडं दोन प्रजातींना एक दाखवतात. म्हणजे इतकं करूनही हाडांत स्पष्ट फरक दिसला, तर तो गंभीरपणे घ्यावा लागतो.

राहिला भारताचा मुद्दा. इथं मेसेजवाला अर्धा बरोबर आहे, आणि मला वाईट वाटतं ते याच अर्ध्याबद्दल.

जबलपूरजवळ बडा शिमला नावाची टेकडी आहे. १९१७ ते १९१९ या काळात चार्ल्स मॅटलीनं तिथून हाडं काढली. १९३३ मध्ये फ्रीडरिश फोन ह्यून आणि मॅटली यांनी त्यांचं वर्णन छापलं. मॅटली इंग्रज, पण फोन ह्यून जर्मन. त्या एका ग्रंथात मांसाहारी डायनोसॉरच्या नऊ प्रजाती आहेत. इंडोसॉरस, इंडोसुकस, लेव्हिसुकस, जब्बलपुरिया, सीलुरॉइडिस, अशी नावं. यातली कित्येक नुसत्या सुट्या मणक्यांवर उभी आहेत. टेकडीत हाडं विखुरलेली होती. कवटीचा तुकडा इथं, पाय तिथं, कुणाचं काय हे जुळवायला एकही अखंड सांगाडा नाही. २००४ मध्ये फर्नांडो नोव्हास, फेडेरिको अग्नोलिन आणि शाश्वती बंद्योपाध्याय यांनी सगळ्याची फेरतपासणी केली. यातली बरीच नावं आज संशयास्पद मानली जातात. म्हणजे नावं जास्त झाली, हे खरं.

पण ‘एकाच प्राण्याला’ हे खरं नाही. गुजरातेत बालासिनोरजवळच्या राहिओलीत १९८० च्या दशकात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या सुरेश श्रीवास्तव यांनी हाडं काढली, त्यातून २००३ मध्ये राजासॉरस नर्मदेन्सिस हे नाव आलं. कपाळावर बुटकं शिंग, भक्कम बांधा. त्याच भागातून २०१० मध्ये राहिओलीसॉरस गुजरातेन्सिस आला, तो त्यामानानं सडपातळ. एकाच खडकात, एकाच काळात, दोन शिकारी. म्हणजे पुन्हा तोच मोंटानाचा प्रश्न आपल्या अंगणात. हे दोघं खरंच वेगळे, की एकाच प्राण्याचे जाड-बारीक नमुने? आणि यांच्यापैकी एखादा म्हणजेच जबलपूरचा जुना इंडोसॉरस किंवा इंडोसुकस तर नव्हे?

ठरवायचं तर जबलपूरची हाडं शेजारी ठेवून बघायला हवीत. त्यातली बरीच आज सापडत नाहीत. मॅटलीनं १९२४ मध्ये वर्णन केलेल्या लॅमेटासॉरसची हाडं हरवली आहेत. मोंटानातली कवटी ८३ वर्षं एका कपाटात नीट राहिली, म्हणून तिच्यातलं जिभेखालचं काडीएवढं हाड २०२५ मध्ये साक्ष देऊ शकलं. आपल्याकडं साक्षीदारच गायब आहे. मेसेज लिहिणाऱ्याला राग यायचाच होता, तर तो यावर यायला हवा होता.

ग्रुपवर कुणीतरी विचारलं होतं, पन्हाळ्याच्या कड्यात खोदलं तर आपल्याकडंही मिळतील का. नाही मिळणार. कोल्हापूर लाव्हाच्या थरांवर बसलं आहे, आणि हाडं टिकायला गाळ लागतो. हा लाव्हा वाहिला तो डायनोसॉरांच्या अखेरच्या काळात. त्याच्या खालचा आणि मधला गाळाचा खडक नर्मदेकाठी उघडा पडतो, तसाच चंद्रपूरकडंही. तिथल्या डोंगरगावात इसिसॉरस हा लांब मानेचा शाकाहारी डायनोसॉर मिळाला, त्याचं वर्णन १९९७ मध्ये झालं. महाराष्ट्रातल्या पोरांना डायनोसॉर बघायला हॉलिवूडपर्यंत जायची गरज नाही.

मित्राला मी हे सगळं फोनवर सांगितलं तेव्हा तो म्हणाला, ‘मग राजासॉरस आणि त्या दुसऱ्याचं काय ठरलं?’ राहिओलीसॉरसच्या खाणीतून किमान सात प्राण्यांची हाडं निघाली आहेत, लहान-मोठ्या आकारांची. ती कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेनं जमवलेली आहेत, हरवलेली नाहीत. माझा प्रश्न त्या सात जणांना आहे. त्यांच्या पायाच्या हाडांची चकती काचेवर धरली, तर त्यांत आदत किती आणि जुळलेले किती?